जुना क्यू सापडला, तो खरा का बनावट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं, यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. खुर्च्या, पलंग, देवघरं करता करता कधीतरी एक क्यू, म्हणजे बिलियर्ड्स, स्नूकर, पूल या टेबलावरच्या खेळांत बॉलले मारायची लांब काठी, हातात आला आणि मग तो नादच लागला. आता आठवड्याला दोन-तीन फोटो येतात व्हॉट्सॲपवर, खाली एकच ओळ, "भाऊ किती येतीन याचे?" प्रत्येकाले तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. फोटो पाठवायच्या आधी वाचा राजेहो.

वाड्याच्या माळ्यावर लांब काठी सापडली, क्यूच आहे हे कसं समजायचं?

आधी ती काठी घरात काय काम करत होती ते विचारा. मी पाहिलेल्यांपैकी एक कैऱ्या पाडायला होती, एक जाळे काढायला (टोकाले फडकं बांधून), आणि एक तर म्हशीमागे. क्यू असेल तर एका टोकाकडे सारखी निमुळती होत जाते, बारीक टोकावर चामड्याची टिकली (टिप) असते किंवा ती बसायची सपाट जागा तरी असते, आणि जाड टोकाकडे इंग्लिश क्यू असेल तर एका बाजूने रंधा मारल्यासारखा सपाट पट्टा असतो. लांबी साधारण ५७-५८ इंच. आठ-नऊ फुटी निघाली तर घाबरू नका, मोठ्या टेबलावर लांबच्या बॉलसाठी तसेही क्यू असतात. टोकाले पितळेचा क्रॉस असेल तर तो क्यू नाही, रेस्ट आहे, म्हणजे क्यू टेकवायची काठी. त्याचेही शौकीन आहेत पण ती गोष्ट वेगळी.

आमच्या आडगावात बिलियर्ड्सचा क्यू येईलच कुठून? कोणी आणून टाकला असेल.

काऊन नाही येणार? उलट आपल्याकडे यायची कारणं जास्त. स्नूकर हा खेळच जबलपूरचा, १८७५ मध्ये तिथल्या फौजी ऑफिसरांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं सुरू केला असं मानतात, आणि जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, ज्याची राजधानी आपलं नागपूर. कामठीले छावणी होती, अचलपूरले होती, चिखलदऱ्याले साहेब लोक उन्हाळा काढायला जायचे. जिथं साहेब तिथं क्लब, आणि जिथं क्लब तिथं टेबल. साहेबांचं पाहून भंडारा-चांद्याकडच्या मालगुजारांनी आणि वऱ्हाडातल्या देशमुखांनीही वाड्यात टेबलं लावली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, टेबलाची स्लेट कुठं पाटा-वरवंट्याले गेली, कापड कोणी शिवून टाकलं आणि क्यू राहिले माळ्यावर. म्हणून मालकीचा माग विचारा. कोणाच्या वाड्यातून निघाला, आजोबा कुठं नोकरीले होते, क्लबचा जुना फोटो, लिलावाची पावती, काहीही असलं तरी जपून ठेवा. असा कागद क्यूवरच्या बिल्ल्यापेक्षा, म्हणजे कंपनीच्या नावाच्या पट्टीपेक्षा, भारी असतो.

पूलचा आहे का स्नूकर-बिलियर्ड्सचा?

इंग्लिश क्यू जुना असेल तर बहुतेक अखंड असतो, टिप ९-१० मिलिमीटरची, तिच्याखाली पितळेची फेरूल म्हणजे कडी, शाफ्ट म्हणजे पुढचा दांडा ॲश किंवा मेपल लाकडाचा, मागे काळं एबनी लाकूड, वजन १६-१७ औंस. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्राम, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर मोजून घ्या. अमेरिकन पूल क्यू मधातून स्क्रूनं जोडलेला, टिप १३ मिलिमीटरच्या आसपास, फेरूल पांढरी, वजन १८ ते २१ औंस, आणि मुठीच्या जागी बऱ्याचदा लिननचा दोरा गुंडाळलेला. विदर्भात सापडतात ते दहात नऊ इंग्लिश पद्धतीचेच. अमेरिकन निघाला तर तो अलीकडे कोणाच्या तरी मुलानं नागपूरच्या पूल पार्लरसाठी घेतलेला असतो, किंवा मग खरंच काहीतरी मजेशीर असते.

बिल्ल्यावर १८३६ लिहिलंय, म्हणजे दोनशे वर्षांचा क्यू झाला ना?

नाही हो. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच. ते दुकान उघडल्याचं साल असते, क्यू बनवल्याचं नाही. बरोज अँड वॉट्स ही लंडनची कंपनी १८३६ ची, पुढं शंभर वर्षांनी बनवलेल्या मालावरही तेच साल मिरवायची. आपल्या मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर १९२५ लिहिलं म्हणून आजची जिलबी काही १९२५ ची नसते.

बिल्ल्यावरून एवढंच कळते की क्यू अमुक सालाच्या *आधीचा* असू शकत नाही. वॉल्टर लिंड्रम या ऑस्ट्रेलियन बिलियर्ड्स खेळाडूचं नाव आणि ४१३७ चा आकडा असेल तर तो जानेवारी १९३२ नंतरचाच, कारण तो ब्रेक, म्हणजे एका पाळीतले गुण, त्यानं तेव्हा लंडनच्या थर्स्टन हॉलमध्ये जो डेव्हिसविरुद्ध मारला. जो डेव्हिसच्या नावासोबत १४७ असेल तर १९५५ च्या आधीचा नाही, त्याचा तो स्नूकरमधला पहिला अधिकृत मॅक्झिमम, म्हणजे एका पाळीतले पूर्ण १४७ गुण, २२ जानेवारी १९५५ चा. अमेरिकन मालावर ब्रन्सविक-बाल्क-कोलेंडर असं लांबलचक नाव १८८४ ते १९६० या काळातलं, १९६० नंतर नुसतं ब्रन्सविक. आणखी एक, नाव खेळाडूचं आहे म्हणजे क्यू त्या खेळाडूचा होता असं बिलकुल नाही. बॅटवर तेंडुलकरचं स्टिकर असते तसं समजा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याले आपले पहिले जगज्जेते झाले, त्यांचा म्हणून क्यू विकणारे मले दोन भेटले, दोघांकडेही "काका सांगायचे" याच्यापलीकडे पुरावा नव्हता.

आता माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका जुना माल विकणाऱ्याकडून लिंड्रमचा बिल्ला असलेला क्यू १८०० रुपयांत घेतला, आठ दिवस गावभर दाखवला, आणि मग एक दिवस उन्हात धरला तर बिल्ल्याच्या कडेले पिवळसर पारदर्शक गोंदाची रेघ, तो दोन ट्यूब मिसळून लावायचा असतो ना, तो. बिल्ला खरा जुना, क्यू साधा कारखान्यातला नवा. बिल्ले सुटे विकत मिळतात हे तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हापासून बिल्ला मी शेवटी पाहतो, आधी लाकूड आणि सांधा.

मग सांध्यात नेमकं काय पाहायचं?

ही क्यूची खरी सही. ॲशच्या शाफ्टमध्ये एबनी जिथं घुसते तिथं काळी टोकं वर चढताना दिसतात, बहुतेक चार. ती टोकं वरून गोलसर, पानाच्या शेंड्यासारखी किंवा कमानीसारखी असतील तर हातानं केलेला सांधा. कारागीर शाफ्टले चार बाजूंनी उतरता रंधा मारते, त्यावर एबनीच्या पट्ट्या चिकटवते, आणि मग पुन्हा गोल करते, तेव्हा ती कमान आपोआप उमटते. टोकं करवतीच्या दातासारखी टोकदार, एकमेकांत अडकलेली असतील तर मशीनचा सांधा. मशीनचा म्हणजे बनावट नाही हं, क्लबांसाठी घाऊक बनवलेले खरे जुने क्यू असेच असायचे, फक्त किंमत कमी. आणि हा नियम इंग्लिश क्यूलेच लावा, अमेरिकन क्यूमध्ये चांगल्यात चांगल्या कारागिराची टोकं पण टोकदारच असतात.

हातकामात चारही टोकांची उंची तंतोतंत एक नसते, एखादा-दीड मिलिमीटरचा फरक राहतेच. काळ्याच्या कडेले लाल-हिरवी-पिवळी बारीक रेघ असेल ती व्हिनियर, नखानं चाचपून पाहा, पातळ लाकडाची असते, रंगाची नाही. एकानं मले वॉटरप्रूफ मार्करनं काढलेली रेघ दाखवली होती, इतकी सरळ की कौतुक वाटलं.

सर्वात वाईट फसवणूक म्हणजे चारही टोकं नुसती रंगवलेली किंवा वरून चिकटवलेल्या कागदाची. शाफ्टच्या रेषा पाहा, त्या काळ्या भागाखालून तशाच पुढं जाताना दिसल्या तर समजा रंगकाम आहे.

मागचा काळा भाग खरं एबनी आहे का काळा रंग दिलेला?

आपल्या लोकांले हे शिकवायची गरज पडू नये, कारण एबनी म्हणजे आपल्या तेंदूच्या घराण्यातलंच लाकूड. ज्याचा पत्ता बिडीले जातो त्याच झाडाच्या जुन्या खोडाचा गाभा काळा निघते, इंग्रज त्याले कोरोमंडल एबनी म्हणायचे. गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाले तो गाभा दाखवा, हातात घेऊनच सांगते. एबनी दगडासारखं जड, बारीक पोताचं, स्पर्शाले थंडगार, आणि नीट पाहिलं तर पूर्ण काळं क्वचितच, मधात कुठंतरी तपकिरी झाक असतेच. खालचं रबर किंवा टोपी सुटत असेल तर काढून आतलं टोक पाहा. आतून फिकं आणि बाहेरून काळं, तर विषय संपला. जुना इंग्लिश म्हणून विकलेल्या क्यूच्या बुडाले फिलिप्स म्हणजे चौकडीच्या खाचेचा स्क्रू दिसला तरी थांबा, ते स्क्रू १९३० च्या दशकातले, त्याआधी सरळ खाचेचेच. दुरुस्तीत बदलला असू शकते, पण विचारा तरी.

एबनी पाण्यात बुडते हे खरं. पण तेवढ्यासाठी क्यू बादलीत टाकू नका. एका सज्जनानं टाकला होता.

शाफ्टचं लाकूड म्हणाल तर ॲशच्या रेषा ठळक, टोकाकडे बाणासारख्या व्ही आकारात एकावर एक, आणि नख फिरवलं तर बारीक खाचा लागतात. मेपल गुळगुळीत, रेषा जवळजवळ दिसत नाहीत. आपल्याकडे एक तिसरा प्रकार सापडते, तो म्हणजे तुटलेला क्यू गावच्या सुतारानं सागवानाचा तुकडा लावून उभा केलेला. वास घेतला की कळते. असा क्यू ओरिजिनल नाही पण मले स्वतःले फार आवडते.

पॉलिशवरून वय कळते का?

बऱ्यापैकी. जुन्या इंग्लिश क्यूले फ्रेंच पॉलिश असायचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, जी आपल्याकडं पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडा बनवते. कापसाच्या काडीले स्पिरिटचा एक थेंब लावून बुडाजवळ, न दिसणाऱ्या जागी टेकवा. चिकट झालं तर लाख. काहीच नाही झालं तर नवीन पॉलियुरेथेन वगैरे. म्हणजे क्यू नवा असेल किंवा कोणीतरी हौसेनं पुन्हा पॉलिश केला असेल, दोन्ही शक्य आहे. एकच थेंब, बिल्ल्याजवळ नाही, कारण बिल्ल्यावरची अक्षरं स्पिरिटनं पुसली गेली तर मले शिव्या देऊ नका.

जुना दिसतो पण मुद्दाम जुना केलेला तर नाही ना, हे कसं ओळखू?

माझी आवडती परीक्षा व्हर्नियर कॅलिपरची, मोटार गॅरेजवाल्याकडून पाच मिनिटांसाठी मागून आणा. लाकूड वर्षानुवर्षं सुकताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही, वर्तुळाच्या रेषांच्या दिशेनं जास्त आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. म्हणून खरोखर जुना क्यू थोडासा अंडाकृती झालेला असते. एकाच जागी दोन दिशांनी मोजा, एका दिशेनं थोडं जास्त, फिरवून मोजलं तर थोडं कमी, तर शुभशकुन. दोन्हीकडून अगदी सारखा म्हणजे नुकताच खराद्यावरून उतरलेला असू शकते. ही एकच परीक्षा पुरेशी नाही, बाकीच्यांसोबत धरा.

दुसरं, झीज कुठं आहे ते पाहा. हात लागतो तिथंच लाकूड चमकते. मागची मूठ, आणि पुढचा फूट-दीड फूट जिथं डाव्या हाताच्या बोटांवरून क्यू सरकतो. पुढच्या भागात टेबलाच्या कडेवर आपटल्याच्या बारीक खुणा, टिपजवळ खडूचा निळसर डाग लाकडात मुरलेला. नकली जुना करणारे चहाचं पाणी, बूट पॉलिश नाहीतर गोवरीचा धूर सगळीकडं सारखा देतात, मग क्यू डोक्यापासून पायापर्यंत एकसारखा म्हातारा दिसते. खरा म्हातारा तसा नसतो, गुडघे आधी जातात.

माझ्याकडे बालाबुश्का आहे असं विकणारा म्हणते. खरं असेल का?

जवळजवळ नक्कीच नाही, पण माहिती घ्या. जॉर्ज बालाबुश्का रशियात जन्मलेला, १९२४ मध्ये अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९५९ च्या सुमारास क्यू बनवायला लागला आणि १९७५ मध्ये गेला. म्हणजे सोळा-सतरा वर्षांचं काम, एका माणसाचं. १९८६ च्या एका हॉलिवूड सिनेमात त्याचं नाव आलं आणि तेव्हापासून दुनियाभर नकली बालाबुश्कांचं पीक आलं. सुरुवातीले तो ब्रन्सविकच्या टायटलिस्ट नावाच्या तयार क्यूचा पुढचा सांधा वापरायचा, नंतर बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांच्याकडून सांधे घ्यायचा, बाकी काम त्याचं. पण टायटलिस्टचा सांधा इतरही अनेकांनी वापरला, म्हणून तो दिसला की बालाबुश्काच असं होत नाही, तिथंच बरेच फसतात. अशा क्यूचं ऑथेंटिकेशन फोटोवरून होत नाही, अमेरिकेत त्याच्या कामाचे जाणकार आहेत, ते क्यू हातात घेऊन, सांध्याचा स्क्रू, दोऱ्याची गुंडाळण, आतली रचना पाहून लेखी देतात. वणीच्या बाजारात मोबाईलवर दाखवलेल्या पत्रावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका बाप्पा.

फेरूल किंवा बुडाचा तुकडा हस्तिदंती वाटते. आता काय करू?

आधी ओळखा, मग गप्प बसा, मग वन विभागाले विचारा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांले छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषांची जाळी दिसते, भिंगातून पाहा. हाडात तशी जाळी नसते, त्याऐवजी बारीक काळपट ठिपके. प्लास्टिकमध्ये काहीच नाही किंवा मुद्दाम छापल्यासारख्या समांतर रेषा. गरम सुई टोचायचा जुना उपाय करू नका, तुकडा सेल्युलॉइडचा निघाला तर भडकन पेटते. गंमत म्हणजे सेल्युलॉइड आलंच बिलियर्ड्समुळं, हस्तिदंती बॉलले पर्याय शोधणाऱ्याले अमेरिकेत १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या नादात जॉन हायट यानं १८७० च्या आसपास ते बनवलं.

हस्तिदंत निघाला तर विकायचा विचार सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये बदल झाले आणि हस्तिदंताचा देशी-विदेशी व्यापार दोन्ही बंद झाला. आजोबांचा आहे म्हणून सूट मिळत नाही, मालकी प्रमाणपत्राचा विषय असते. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपुरातच बसतात, आपल्याले मुंबईच्या चकरा नाहीत एवढं तरी सुख.

पाठवायच्या आधी घासून चकाचक करू का?

करू नका. हात जोडतो. मले आलेले निम्मे चांगले क्यू पॉलिश पेपरनं मेलेले असतात. ओलसर पिळलेल्या सुती कापडानं धूळ पुसा, लगेच कोरडं करा, बस. टिप गळाली असेल तर राहू द्या, बिल्ला हलत असेल तर काढून पाकिटात ठेवा.

वाकडा झालाय, मग बनावट का?

वाकडेपणाचा खरे-खोटेपणाशी संबंध नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री आणि जुलैत भिंतीले बुरशी, यात सत्तर वर्षं कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं कोणतं लाकूड सरळ राहीन? कॅरम बोर्डाच्या काचेवर किंवा फरशीवर गोल फिरवून पाहा, टोक किती उचलते ते कळते. थोडा वाक चालते. चुलीवर शेकून सरळ करायला जाऊ नका, सांधा सुटते.

किंमत सांगा ना भाऊ, आणि विदेशात विकला तर जास्त येतीन का?

फोटोवर किंमत मी सांगत नाही. जे लगेच सांगतात त्यांना तो विकत घ्यायचा असतो. हातसांध्याचा, मूळ बिल्ल्याचा, न घासलेला, न कापलेला क्यू आणि सोबत कागद, यावर भाव ठरते. कापलेला म्हणजे मधातून कापून स्क्रू बसवलेला, पोरं बॅगेत न्यायले करतात, त्यानं अखंड जुन्या क्यूचा भाव पडते.

विदेशाचं म्हणाल तर १९७२ च्याच दुसऱ्या एका कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती आपल्याले परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे "शंभर वर्षं जुना आहे" असं ओरडून जाहिरात करणारे स्वतःच स्वतःची अडचण करतात. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ आहे, तिथं लेखी विचारा.

फोटो कसे पाठवू?

सकाळच्या उजेडात, अंगणात, पांढऱ्या चादरीवर. पूर्ण क्यू एक, सांध्याची चारही काळी टोकं क्यू फिरवत फिरवत चार, बिल्ला जवळून, बूड खालून, टिप आणि फेरूल, मधात जोड असेल तर तो उघडून. बाजूले मोजपट्टी ठेवा. वजन आणि दोन दिशांची जाडी लिहून पाठवा. आणि फोटोत क्यूवर हळदी-कुंकू नको, एकानं दसऱ्याले शस्त्रपूजेत ठेवलेलाच फोटो पाठवला होता, बिल्ल्यावरचं नाव कुंकवाखाली, मी अर्धा तास झूम करत बसलो.